बिननावाची बाटली

लॅबवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. सिंकमधल्या चहाच्या कपांसारखे ते आपोआप साठतात. आमचे हे किस्से सांगताना मात्र आधी हसू येतं, मग मान खाली जाते.

*

थळच्या कोळीवाड्यात आमच्या लॅबच्या डॉक्टर सरांचा कॅम्प होता, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा. स्लाइड बनवायच्या दोन पद्धती ताडून बघायच्या होत्या. प्रत्येक बाईचा नमुना थोडा थेट काचेवर पसरायचा, उरलेला पेशी टिकवणाऱ्या औषधाच्या बाटलीत टाकायचा. सरस कोण, ते मायक्रोस्कोप ठरवणार होता!

*

काच ओली असतानाच स्पिरिटमध्ये बुडवायची, नाहीतर पेशी सुकून बाद. हे भारतीला सांगायचंच राहिलं. ती गावातलीच, मदतीला घेतलेली. तिने सगळ्या काचा अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांशेजारी उन्हात मांडल्या!

सर ओरडले, तर म्हणते कशी, "वल्या ठेवल्या तर सडतील ना, सायेब!"

*

"हरकत नाही, बाटल्या आहेत," सर म्हणाले. उकाड्यात त्या खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःच मासळीच्या बर्फाच्या खोक्यात ठेवल्या. लॅबमध्ये पोचेपर्यंत बर्फ वितळला आणि लेबलांवरची शाई धुऊन गेली.

म्हणजे काचांवर नावं होती, पण पेशी कामातून गेलेल्या. बाटल्यांत पेशी चांगल्या, पण नावं गायब! झाली आमची तुलना.

आणि एका बाटलीतल्या पेशी कॅन्सरच्या निघाल्या.

*

गावात परत गेलो. बायकांना गोळा करून सर म्हणाले, "एकीचा रिपोर्ट बरा नाही. कुणाचा, ते आम्हालाच माहीत नाही." मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मासळी विकणाऱ्या ताराबाई पुढे झाल्या. "आमी लाज बाजूला ठेवून झोपलो त्या टेबलावर, आनि तुमी आमची नावंच धुवून टाकली?"



*

पुन्हा कॅम्प लावला, तर एकही बाई फिरकली नाही. जी येईल तिच्याकडेच गाव बोट दाखवणार ना!

शेवटी ताराबाईच भर बाजारात ओरडल्या, "ती बाटली माझी हाय! मना एकटीला भ्याव वाटतंय. सोबतीला चला गो सगळ्या!"

सगळ्या आल्या.

*

या वेळी रिपोर्ट नावानिशी आले. ताराबाईंना बाजूला घेऊन मी सांगितलं, "मावशी, तुम्हाला काही नाही. ती बाटली तुमची नव्हतीच."

त्यांनी पाटीतल्या मासळीवर पाणी मारलं आणि इकडेतिकडे बघितलं.

"हळू बोल. जिची हाय ती बरी व्हईपर्यंत माझीच राहू दे."