लॅटिनच्या वर्गाला एक नाव कमी

आमच्या विभागप्रमुख बाईंना लॅटिन नको होती आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. "फ्रेंचवर नोकऱ्या मिळतात. लॅटिन वाचून कोणाचं भलं झालंय?" साहित्य शिकवायचा पगार घेणारी बाई हे बोलते! पाच जणांनी मुदतीत पर्याय म्हणून निवडली नाही तर पुढच्या सत्रापासून लॅटिन बंद, अशी नोटीस लागली. शिकवणारे सर कंत्राटी. वर्ग गेला की तेही जाणार. फ्रेंच जिच्यातून निघाली ती भाषा फेकून द्यायची आणि वर फ्रेंच साहित्याच्या पदव्या वाटायच्या. ही लबाडी आहे. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

मग मला येतं ते मी केलं. पत्रक काढलं. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून दोन्ही बाजू भरून लिहिलं. आईने वाचलं.

"जरा सौम्य लिही ना. त्याच बाई तुला मार्क देणार आहेत."

"बिल्कुल नाही."

आठवडाभर कॅन्टीन, मेट्रोचं गेट, लायब्ररीच्या पायऱ्या. केमिस्ट्रीवाल्यांनी सह्या केल्या, कॉलेज बघायला आलेल्या कोणाच्या तरी मावशीनेही केली. सह्यांचा गठ्ठा घेऊन मी बाईंच्या केबिनमध्ये घुसले. त्यांनी गठ्ठ्याला हातही लावला नाही.

"पर्याय भरायची मुदत काल संपली. चार नावं आहेत." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "तुमचं दिसत नाही."

नव्हतंच. पोर्टलवर एक खूण करायची होती. भेटेल त्याला लॅटिनचं महत्त्व सांगत फिरले, आणि तेवढी एक खूण राहिली. चळवळीतल्या माणसांनाच जमणारा मूर्खपणा.

"मॅडम, एकच दिवस उशीर झालाय."

"नियम आहे."

एका दिवसासाठी अख्खी भाषा बंद करणाऱ्या नियमाची मला आजही चीड येते. पण नियम त्यांनी नोटिशीत लिहिला होता आणि ती नोटीस मी पत्रकात शब्दशः छापली होती.

बाहेर ते चौघे सरांबरोबर थांबले होते. पानिपतहून रोज ट्रेनने येणारी मुलगी पहिली बोलली. "दीदी, आपने खुद नहीं भरा?"

मी तिला नियम किती अन्यायाचा आहे ते सांगू लागले.

"वो तो आपके पर्चे में पढ़ लिया था," ती म्हणाली.

या सत्राचे लॅटिनचे दोन तास शिल्लक होते. सर चौघांना घेऊन वर्गात गेले. मीही मागोमाग जाऊन बसले. शेजारच्या मुलीने पुस्तक आपल्याकडे ओढून घेतलं.