करडं मशीन, पिवळं मशीन आणि अल्फोन्सीन

अल्फोन्सीन देजार्लेचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चार नाही, सव्वाचार नाही. चार दहाला ती चुलीत लाकूड सारायची आणि तव्यावर बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचे स्पार्क प्लग तापत ठेवायची. संध्याकाळी प्लग काढून घरात आणायचे, सकाळी गरम करून पुन्हा बसवायचे, की उणे तीसलाही इंजिन तिसऱ्या-चौथ्या ओढीला धरतं. हे आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होतं. करायची ती एकटी. बाकीचे सहाला उठायचे आणि खांदा निखळेपर्यंत दोरी ओढत मशीनला शिव्या द्यायचे.

मला ती आवडायची नाही. तिला मीही नाही. इंगिमारच्या मासळीच्या शेडमध्ये मी अठ्ठावीस वर्षं वजनकाट्यावर होतो आणि तिच्या मते ते काम नव्हतंच. "उभं राहायचे पैसे घेतोस तू," ती तोंडावर म्हणायची. किनाऱ्यावरच्या सगळ्या कोळ्यांचे मिळून दिवसाला दोनशे टब मी उचलून काट्यावर ठेवायचो, ते तिला दिसायचं नाही. असो.

कॅनडातल्या लेक विनिपेग या तळ्यावर आमची जाळी बर्फाखाली, किनाऱ्यापासून अकरा मैलांवर असायची. तिथून पिकरेल माशांचे टब मशीनमागच्या स्लेजवर रचून शेडपर्यंत ओढून आणायचे, हे अल्फोन्सीनचं काम. पन्नाशी ओलांडलेली बाई, बुटकी, रुंद, एका कानाची पाळी गारठ्याने गेलेली. नवरा वारला तेव्हा त्याचा मासेमारीचा परवाना तिने खटपट करून आपल्या नावावर घेतला होता. पण नुसता परवाना मासे ओढून आणत नाही. स्वतःचं मशीन नव्हतं, म्हणून तो कागद सहा हिवाळे पिठाच्या डब्यामागे पडून होता आणि ती इंगिमारची मासळी इंगिमारच्या मशीनवर ओढत होती.

मशीनं दोन होती, दोन्ही करडी, दोन्ही जुनी. एक तिच्याकडे, दुसरं इंगिमारच्या जावयाकडे. त्याचं नाव वाल्डी, पण सगळे त्याला जावईच म्हणत. अठ्ठ्याहत्तरच्या वसंतात जावयाने आपल्या मशीनचं इंजिन जाळलं. तेलाचं प्रमाण चुकलं होतं. त्याने दोष तेलाला दिला.

डिसेंबरात तळं गोठलं आणि शहरातून एक विक्रेता नवं पिवळं मशीन ट्रकवर घालून घेऊन आला. महिनाभर वापरून बघा म्हणाला. त्याचे हातमोजे कोरे होते.

"बाई, हे पहिल्या ओढीला चालू होतं," तो अल्फोन्सीनला म्हणाला.

"गरम गॅरेजमध्ये मीही पहिल्या ओढीला चालू होते," ती म्हणाली.

शेडमधली माणसं हसली. इंगिमार हसला नाही. त्याने तिथेच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पिवळं टिकलं तर ओढकामाला एकटा माणूस पुरेल. मला मग दुसरा लागणार नाही."

"आणि तो एकटा कोण?" अल्फोन्सीनने विचारलं.

"ते अजून ठरलेलं नाही."

"तुझ्या मुलीला विचारून ठरवशील ना?"

तो निघून गेला. पण सगळ्यांना कळलं होतं. पिवळं मशीन नापास झालं तर अल्फोन्सीनचं काम राहणार होतं. पास झालं तर जाणार होतं. नोंद ठेवायचं काम माझ्याकडे आलं: फेऱ्या किती, टब किती, मशीन बंद किती वेळ.

दोन मशीनांत फरक मोठा होता. करड्याला खाली फिरणारे दोन रुंद पट्टे आणि पुढे वळवायला एकच स्की. जड, हळू, पण आठ टबांची स्लेज कुरकुर न करता ओढायचं. अकरा मैलांना सव्वा तास. वळायला अर्धं तळं लागायचं. पिवळ्याला पट्टा एकच, अरुंद, आणि पुढे दोन स्की. हँडलला बोट लावलं तरी जागच्या जागी फिरायचं. अकरा मैल अर्ध्या तासात. ओझं मात्र पाच टबांचं. सहावा ठेवला की आतला बेल्ट जळून वास यायचा. वेगाने चार फेऱ्या मारल्या तर वीस टब, करड्याचे दोन फेऱ्यांत सोळा. कागदावर पिवळं पुढे होतं.

तळ्यावर कागद चालत नाही. वरच्या बर्फाचं वजन पडलं की खालचा जाड थर दबतो, चिरांतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली त्याचा राडा होतो. वरून काही दिसत नाही. करडं रुंद पट्ट्यांवर तरंगत त्यातून निघून जायचं. पिवळं त्यात शिरायचं, पट्ट्यात, चाकांत, पोटाखाली राडा भरून घ्यायचं आणि थांबलं की दहा मिनिटांत सगळ्याचा दगड व्हायचा. त्यावर उपाय एकच. मशीन आडवं पाडायचं, कुऱ्हाडीच्या दांड्याने राडा झोडून काढायचा, पुन्हा उभं करायचं, मागची बाजू उचलून खाली पॉपलरच्या लाकडाच्या दोन बल्ल्या घालायच्या म्हणजे पट्टा जमिनीला चिकटत नाही. पंधरा मिनिटांचं काम. भिजलेल्या बुटांनी, उपाशीपोटी, पंधरा मिनिटं फार असतात.

पहिले दोन आठवडे पिवळं जावयाकडे होतं. तो गावातून भोंग्यासारखा आवाज करत जायचा.

"काय गं, वळलीस का?" शेडच्या दारात तो तिला म्हणाला. "तुझ्या मशीनला वळायला सोमवारपासून सुरुवात करावी लागते."

"माझं मशीन वळायला तळं मागतं. तुझं बंद पडलं की सासरा मागतोस."

तिसऱ्या दिवशी त्याने सात टब घातले आणि बेल्ट जाळला. सातव्या दिवशी प्लग काजळले. नवव्या दिवशी सकाळी मशीन जागचं हलेना. आदल्या दिवशी राड्यातून आणून तसंच उभं केलं होतं. चौघांनी कुऱ्हाडीने खणून काढलं, पट्टा एका कडेने फाटला. चौदा दिवसांत पिवळं चार दिवस बंद. करडं एक तासही नाही. मी वही इंगिमारपुढे ठेवली.

"भिकार मशीन आहे," जावई म्हणाला. "परत पाठवा."

अल्फोन्सीन चुलीपाशी बॅनकची जाड भाकर चावत होती. तिने फक्त गप्प राहायचं होतं. दुसरं काहीच करायचं नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि मला दिसत होतं की हिच्याच्याने होणार नाही.

"मशीनला काय झालंय?" ती म्हणाली. "बेल्ट तू जाळलास. पट्टा तू फाडलास. राड्यातून आलास आणि तसंच सोडून गिळायला गेलास. कुत्र्यालासुद्धा कोणी ओलं बाहेर बांधत नाही."

"मग तू चालव की!"

"चालव," इंगिमार म्हणाला. इतक्या लगेच, की वाट बघत असल्यासारखा. "उद्यापासून बदला. दोन आठवडे पिवळं तुझ्याकडे, करडं याच्याकडे."

तिला कळलं आपण काय केलं. तिने बॅनकचा उरलेला तुकडा खिशात घातला आणि बाहेर गेली.

दोन आठवडे ती पिवळं चालवत होती आणि त्याला शिव्या देत होती. बसायला उंच, म्हणे. वारा अडवायची काच तोंडाशी नाही, छातीशी. खडबडीत बर्फावर पाठीचे मणके मोजून घेतं. वेग आहे, पण वेगाने जाऊन बघायचं काय, जाळी कुठे पळून जातायत? तरी पाचच टब घालायची. सहावा नाही. राडा वरून ओळखायची तिला सवय होती; बर्फाचा रंग जरा मळका दिसला की वळसा घ्यायची, आणि वळसा घ्यायला हे मशीन चांगलं होतं, ते तिने एकदा कबूलही केलं. "वळतं मेलं," म्हणाली. बाकी दिवसाला चार फेऱ्या, वीस टब, रोज.

इकडे जावयाने करड्याला पिवळ्यासारखं वळवायला जाऊन एकुलती एक स्की खडकावर वाकवली. मशीन दोन दिवस तळ्यावर पडून राहिलं, मग वाकड्या स्कीनिशीच कसंबसं चालवलं. तोही दोष त्याने खडकाला दिला.

दहाव्या दिवशी मी तिला गाठलं. शेडमधल्या सगळ्यांनी मला पुढे केलं होतं. ती गेली तर उद्या आमच्यातला कोण, हा प्रश्न होताच.

"अल्फोन्सीन, एक संध्याकाळ बल्ल्या विसर," मी म्हणालो. "एकच. सकाळी ते चिकटलेलं सापडेल. पट्टा फाटेल. विक्रेता घेऊन जाईल. तुझं काम राहील."

"तुझंही."

"माझंही."

"तू काट्यावर खोटं वजन लिहितोस का?"

"नाही."

"मग मला शिकवू नकोस."

पण मला वाटतं, तिच्या डोक्यात ते राहिलं. बाराव्या दिवशी पारा उणे चौतीसवर होता. चौथ्या फेरीला ती गुडघ्यापर्यंत ओली होऊन आली, पँट कडक झालेली, चालताना वाजत होती. मशीनच्या पोटाखाली राडा लोंबत होता. तिने ते शेडसमोर उभं केलं, बल्ल्यांकडे पाहिलं आणि सरळ आत आली. बूट काढले. चहा घेतला. बसली.

एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. इंगिमार कोपऱ्यातल्या टेबलाशी हिशेब करत होता. त्याने मान वर केली, खिडकीतून मशीन पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात मी सतरा मिनिटं मोजली.

मग तिने कप आपटला. "मसणात जा सगळे," म्हणाली, आणि ओले बूट पुन्हा पायात कोंबून बाहेर गेली.

पंधरा मिनिटांच्या कामाला तिला एक तास वीस मिनिटं लागली. राडा दगड झाला होता. मशीन आडवं पडेना, तेव्हा तिने लांब बल्ली घालून उचकटलं. चाकांमधून एकेक तुकडा दांड्याने फोडून काढला. हातमोजे ओले झाले तसे काढून फेकले. आम्ही आठ माणसं खिडकीतून बघत होतो. मदतीला एकही गेला नाही, मीही नाही. गेलो असतो तर तिने हाकललं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. शेवटी मागची बाजू उचलून तिने दोन बल्ल्या आत सरकवल्या, प्लग काढून खिशात टाकले आणि आत न येता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पिवळं दुसऱ्या ओढीला चालू झालं.

वहीत काय आलं ते सांगतो. अल्फोन्सीनच्या हाताखाली करडं बंद: शून्य दिवस. पिवळं बंद: शून्य दिवस. जावयाच्या हाताखाली पिवळं चार दिवस, करडं दोन. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. मी ते चार आकडे इंगिमारपुढे एकाखाली एक मांडले. त्याने वरचे दोन वाचले.

"पिवळं टिकतं," तो म्हणाला. "मी घेतो."

आणि ठेवलं जावयाला.

तिच्या कामाच्या शेवटच्या शनिवारी त्याने अल्फोन्सीनला पाकीट दिलं. "काम चांगलं केलंस तू," म्हणाला.

"ते मला माहीत आहे. तुला माहीत असतं तर बरं झालं असतं." तिने पाकीट उघडलं नाही. "करडं काय करणार?"

"कुठलं?"

"तुझ्या जावयाने वाकवलंय ते. शेडमागे पडलंय."

"भंगार आहे. कशाला हवंय?"

"किंमत बोल."

त्याने किंमत सांगितली. भंगाराची नव्हती ती. तिने घासाघीस केली नाही. खिशातून दुसरं पाकीट काढलं, जाड, मळकं, पिठाचा वास असलेलं. त्यातल्या नोटांत आताचं न उघडलेलं पाकीट ठेवलं आणि ते सगळं टेबलावर लोटलं. त्याने मोजून उरलेलं परत सरकवलं. फार उरलं नव्हतं. ते वाकडी स्की सरळ करणाऱ्या लोहाराकडे गेलं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती शेडवर आली. पिवळं दारासमोर बर्फात रुतून गोठलेलं होतं. जावई आणि तिघे कुऱ्हाडीने खणत होते. तिला स्लेज घेऊन वळसा घालावा लागला आणि करड्याला तो घालायला बराच वेळ लागला. सगळे थांबून बघत राहिले.

"जरा ओढ देतेस का?" जावयाने विचारलं.

"बल्ल्या घाल," ती म्हणाली. थांबली नाही.

आठ टब होते. मी एकेक उचलून काट्यावर ठेवला. ती शेजारी उभी राहून प्रत्येक आकडा तपासत होती, माझ्यावर विश्वास नसल्यासारखी. वहीत मजुरांच्या पानावर तिचं नाव शोधायला लागलो तर तिने बोटाने पान उलटलं. मासळी विकणाऱ्यांचं पान. तिथे मी लिहिलं: अल्फोन्सीन देजार्ले, स्वतःचा परवाना, स्वतःची जाळी.

जाळी नवऱ्याची जुनीच होती, उधार मागितलेल्या दोऱ्याने शिवलेली. परवाना होताच. सहा हिवाळ्यांच्या मजुरीत तिला घेता आलं ते एवढंच: एक करडं मशीन, वाकून सरळ केलेली स्की, वळायला अर्धं तळं.