पंचांसमोरचा पाट

पाठशाळेत सकाळचा पाठ चालू असताना अंताजी दारात येऊन उभा राहिला. आमच्या कल्याणच्या साहाय्यक निधीचा हा कारकून माझ्याकडे आला म्हणजे न सांगता घोंगडीवर बसतो. त्या दिवशी बसला नाही. "शास्त्रीबोवा, ठाण्याचे विनायकराव गेले," एवढेच बोलला आणि चौकट धरून राहिला... त्याला आता महिना होऊन गेला. उत्तरकार्य यथासांग पार पडले. ज्याने जन्मभर दुसऱ्याचे नीट ऐकून घेतले, त्या जीवाला ईश्वराने आपल्या पायांशी जागा दिली असेल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही.

विनायकराव आणि मी एकाच गुरूंपाशी काव्य व व्याकरण शिकलो. पुढे ते इंग्रजी शिकून ठाण्यास जिल्ह्याच्या कचेरीत लागले व मोठ्या हुद्द्यास चढले. पण नौपाड्यातील घरी संध्या आटोपल्यावाचून त्यांनी कचेरीची वाट कधी धरली नाही. आमचा वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. निधी सभासदांच्या वर्गणीवर चाले, अडलेल्यास तारणावर कर्ज देई, आणि कारभार पंच पाहत. निधीची नोंद करून घेताना सरकारने एक कलम घातले होते, की दूर केलेल्या नोकराने अर्ज केल्यास जिल्ह्याच्या कचेरीने तो निर्णय तपासून पाहावा. हे कलम पंचांना सलत असे, आणि मलाही. आपण उभारलेल्या घरात परक्याने डोकावावे कशाला? मी तसे म्हणालो, की विनायकराव हसत आणि दूध घ्या म्हणत.

त्या कलमाची पाळी अंताजीवरच आली. एका सभासदाने घरातील चांदीची अन्नपूर्णा निधीत तारण ठेवली होती. त्या घरच्या प्रत्येक मुलीने लग्नात गौरीहरापाशी याच मूर्तीची पूजा केलेली. धाकट्या मुलीचे लग्न ठरले, मूर्ती सुटेना. लग्नाच्या सकाळी अंताजीने तिजोरी उघडून मूर्ती बाहेर काढली. दिवे लागायच्या आत ती पुन्हा तिजोरीत होती. पंचांच्या कानी हे गेले, तेव्हा तारण परस्पर बाहेर दिले असे ठरवून त्यांनी त्याला दूर केले. निधीने काढलेल्या माणसाला कल्याणात कोण कामावर घेणार? देवळात तो शेजारी येऊन बसला, की लोक उगाच कनवटीला हात लावून पाहत. घरी बायको आणि म्हातारी आई. अखेर त्याने सरकारकडे अर्ज केला, आणि चौकशीस आले ते विनायकराव.

पंच तक्क्यांना टेकून बसले होते. सभासद म्हणून मीही एका बाजूस होतो. पंचांचे अध्यक्ष बापूसाहेब, किराण्याचे मोठे व्यापारी, आधीच तापलेले. आज कारकून परत घ्या म्हणाल, उद्या तिजोरीच्या किल्ल्या मागाल, असे त्यांनी तोंडावर ऐकवले. विनायकरावांनी ते शांतपणे ऐकले आणि विचारले, "ठराव झाला त्या दिवशी अंताजीला कुठे बसवलं होतं?"

बापूसाहेब म्हणाले, की त्याला बोलावले नव्हते. ठराव झाल्यावर निरोप धाडला.

"बापूसाहेब, निर्णय फिरवायला मी आलेलो नाही. निर्णय झाला होता का, एवढंच पाहायला आलोय."

मग त्यांनी शेजारच्या घरून पाट मागवला, पंचांसमोर मांडवला आणि अंताजीला वर बसायला सांगितले. तो संकोचाने टेकला. मूर्ती कोणाच्या हाती दिलीस, असे बापूसाहेबांनी विचारले.

"कुणाच्याच नाही. मीच नेली, तिच्याशेजारी बसलो, मीच आणली."

"आणि जेवलास कधी?" बापूसाहेबांनीच पुढे विचारले.

"जेवलो नाही. पंगतीला उठलो असतो, तर तिच्यापाशी कोण बसलं असतं?"

"लग्नाचं जेवण सोडणारा कारकून मी आजवर पाहिला नाही," बापूसाहेब म्हणाले, आणि सारी बैठक हसली. न विचारता तिजोरी उघडल्याबद्दल अंताजीला ताकीद मिळाली, आणि नोकरी कायम राहिली. ठराव पंचांचा, सही बापूसाहेबांची. विनायकरावांनी आपल्या अहवालात लिहिले, की पंचांनीच पुन्हा विचार केल्यामुळे सरकारने करण्याजोगे काही उरलेले नाही. त्या दिवसापासून माझा वाद संपला. सत्तेने दार उघडून आत यावे, समोरच्यास बसवावे आणि आल्या पावली परतावे, हे मी प्रत्यक्ष पाहिले होते.

पाट ज्यांच्या घरचा होता त्यांनी तो परत घेतला नाही. पंचांची बैठक असली, की अंताजी जाजम झाडतो, तक्के लावतो आणि समोर तो पाट मांडतो, चौकशी असो वा नसो. विनायकरावांच्या शेवटच्या दुखण्यात मी नौपाड्यास गेलो, तेव्हा प्रकृतीचे बोलणे बाजूस सारून त्यांनी विचारले, "पाट मांडतात ना अजून?" मी होय म्हणालो, तेव्हा त्यांनी समाधानाने डोळे मिटले...

परवा निधीच्या शिपायाला दूर करण्याचा विषय निघाला. अंताजी ज्वराने घरी होता, त्यामुळे पाट भिंतीशीच उभा राहिला होता. एका नव्या पंचाने ठराव मांडायला सुरुवात केली. "थांबा," बापूसाहेब म्हणाले. आता त्यांचे गुडघे वाकत नाहीत, तरी ते भिंतीला धरून उठले, पाट आणून आपल्या हातांनी मांडला आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायाला हाक मारली, "ये, बस इथं. आधी तुझं सांग."