खसखशीचं शेवटचं बोंड

करंजीच्या सारणासाठी खसखस भाजायला घेतली की तिचा वास जळगावच्या या फ्लॅटभर पसरतो, आणि मी शिंदखेड्याच्या आमच्या मागच्या अंगणात जाऊन उभी राहते.

तिथे न्हाणीच्या सांडपाण्यावर माझ्या आत्याने, अक्काने, खसखशीची लाल फुलं वाढवली होती. पाकळ्या गळून गेल्या की ती रोज एकेक बोंड कानाशी धरून हलवायची. एका सकाळी तिने एक तोडून माझ्या कानाशी धरलं. आत बारीक वाळूसारखी खुळखुळ होती.

"वाजी राह्यनं ना? म्हणजे पिकनं," ती म्हणाली. "ह्यामा पुढला सालनं बठ्ठं शे." पुढच्या सालाचं सगळं त्या एवढ्याशा बोंडात होतं.

दाणे सांडू नयेत म्हणून तिने त्याला चिंधी गुंडाळली. तेवढ्यात आबा, माझे वडील, घाईने घरात शिरले. शेजारच्या गावात अफूच्या पिकावर पोलिसांची धाड पडली होती, आणि खसखस म्हणजे अफूचंच झाड. त्यांनी सगळी रोपं उपटली आणि पाणी तापवायच्या चुलीत कोंबली. अर्धवट ओल्या देठांचा कडू धूर अंगणात भरला. मग अक्काने ते चिंधीतलं बोंड माझ्या फ्रॉकच्या खिशात सरकवलं.

अक्का वारल्यावर, फार उशिरा, मला डब्यात ठेवलेलं ते बोंड आठवलं. दर थंडीत त्यातले चिमूटभर दाणे कुंडीत पेरले. एकही उगवला नाही.

बोंड अजून डब्यात आहे. हलवलं की वाजतं. वाजलं म्हणजे पिकलं, एवढंच अक्का म्हणाली होती. जिवंत आहे, असं ती म्हणाली नव्हती.