कानबाई, उंबऱ्याबाहेरून

ईशान, तारा,

मागच्या रविवारी फोनवर ताराने विचारलं, "आजी, या वर्षी रोटांचे फोटो का नाही पाठवलेस?" मी म्हटलं, या वर्षी आपल्याकडे कानबाई बसली नाही, धाकटी आजी गेली ना, म्हणून. त्यावर ईशान म्हणाला, "पण देवीचा आणि त्याचा काय संबंध?" मी विषय बदलला. संबंध आहे, पण तो तुमची आई मागे भांडी घासत असताना, चित्र मध्येच गोठत असताना सांगण्यासारखा नाही. धुळ्याच्या कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी व्याकरण शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट क्रमाने सांगावी लागते, नाहीतर चैन पडत नाही. म्हणून लिहिते आहे. हे इथल्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापूनही येईल. धरणगावात आणि आसपास अशी पुष्कळ घरं आहेत, ज्यांनी ते वाचावं असं मला वाटतं.

आषाढात एका सकाळी धाकट्या आजीच्या सचिनचा फोन आला. "मोठी आई, आई गेली." झोपेतच गेली. मी जळगावहून धरणगावला निघायची तयारी करत होते, तेवढ्यात त्याचा पुन्हा फोन. आवाज दबका, बाजूला जाऊन बोलत असावा. "तू लवकर ये. बायका येऊन बसल्यात, पण... कोणी उठत नाहीये." मला लगेच कळलं. आपल्याकडे बाई गेली की तिला अंघोळ घालतात, केस विंचरतात, सवाष्ण असेल तर हिरव्या बांगड्या भरतात, कुंकू लावतात. त्या गल्लीत हे काम कित्येक वर्षं एकच बाई करत होती, आणि त्या सकाळी तीच गेली होती.

विमल माझी धाकटी जाऊ. तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ मधुकर यांची बायको. ती भित्री होती, हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज होणार नाही. मेलेली पाल झाडूने ढकलायलाही तिला कोणीतरी लागे. कुणाच्या मयताला गेली तर दारातूनच परत येई आणि दोन दिवस जेवत नसे. हात मात्र देखणे, कामाला हलके. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात आमच्या सासूबाईंनी, त्यांना सगळे जिजी म्हणत, कानबाई सजवायचं काम तिच्याकडे दिलं. आपली कानबाई म्हणजे घराण्याचा जपलेला नारळ. नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याला डोळे, नथ, मणी, लुगडं घालून पाटावर बसवतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन आणतात. आम्ही धुळ्याहून एसटीने पोचायचो तेव्हा विमल त्या नारळासमोर बसलेली असायची. आधी नुसता नारळ असे. मग ती नथ घाली, आणि एकदम चेहरा होई. मी देवभोळी नाही, पण ते बघायला मी दरवर्षी पदर खोचून तिथे उभी राहत असे. वर्षभरात ते एवढं एकच काम तिला स्वतःचं असं वाटे.

एका वर्षी ऐन कानबाईच्या रविवारी शेजारच्या घरी शोभाला आणलं. शोभा म्हणजे त्या घरची नवी सून, जामनेरची. स्टोव्हचा भडका झाला, असं सगळे म्हणत होते. जळगावच्या दवाखान्यातून पांढऱ्या कापडात गुंडाळून आणलेली ती अंगणात ठेवली होती. पावसाने ओढ दिलेली, ऊन चढत होतं. घराघरांत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पुरण शिजत होतं, सगळ्या बायका सोवळ्यात. त्या दिवशी मयताला हात लावला की घरातली कानबाई अडते. शिवाय जळालेली बाई, तिची धास्ती वेगळीच. दारं ओढून घेतलेली. शोभाचं माहेर अजून वाटेत होतं. आणि ती तशीच पडून...

विमल नथ घालत होती. तिने ती अर्ध्यावर खाली ठेवली आणि उठली.

"कथी चालनी वं तू?" जिजी ओरडल्या. "कानबाई मांडेल शे ना!"

"तीच सांगस, जिजी," विमलने नारळाकडे बोट केलं. "ती पोर उनमा पडेल शे, म्हने. तू जाय."

"तुले? तुले मरेल कोंबडी देखीसन भ्याव वाटस!"

"मी बी तिले तेच सांगं," विमल म्हणाली.

"मंग?"

"मंग ती काहीच बोलनी नही."

मी तिथेच होते. त्या क्षणी मला हसू आलं होतं, ते मला आठवतं, कारण दोघी अगदी भाजीच्या पिशवीबद्दल बोलावं तशा बोलत होत्या. मग विमलचा चेहरा पाहिला. ओठ पांढरे पडले होते. ती भिंत धरून धरून अंगणात गेली.

अंघोळ घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय तेवढे शाबूत होते. विमलने कापड पायांपुरतं बाजूला केलं आणि ते पाय धुतले. तांब्या दोनदा हातातून निसटला. स्वतःच्या पायातली जोडवी काढून तिच्या बोटांत घातली. दुपारी शोभाची आई आली. कापडाला हात लावायला तिला कोणी देईना, म्हणून ती पायांशी बसली. धुतलेले पाय, जोडवी पाहून तिने विचारलं, "कोनी करं हाई?" विमल परसात ओकत होती.

जिजींनी त्या दिवशी तिला पुन्हा देवघरात येऊ दिलं नाही. अर्धी राहिलेली नथ मी घातली, तिरकी. पुढच्या श्रावणात वाटलं, विसरतील. पण जिजी म्हणाल्या, जळालेल्या बाईला लागलेला हात देवीला चालत नाही, भाऊबंदांत बोलणं होतं. मधुकररावांनी मान खाली घातली. तुमचे आजोबा वाद घालायला गेले, तर जिजी म्हणाल्या, "तू धुळाना साहेब, धुळामा साहेबी कर."

तेव्हापासून नथ माझ्याकडे आली. माझ्या हातात ती कला नाही. विमल उंबऱ्याबाहेर बसून सांगायची. "ताई, थोडी खाली... आता डोळा झाकतोय... हां." ती आत आली असती तर एका क्षणात झालं असतं. ती कधी आली नाही. बायका गाणी म्हणायला बसत, तेव्हा तीही बाहेरच्या ओट्यावरून म्हणे, सगळ्यांच्या अर्धा श्वास मागे.

आणि बोलावणी येतच राहिली. विहिरीतून काढलेली, बाळंतपणात गेलेली, जिचं माहेर येत नाही अशी, जिच्या सुना हात लावत नाहीत अशी म्हातारी. लोकांनी विमलचं नाव ठरवूनच टाकलं. तिने एक स्टीलचा डबा केला. त्यात कंगवा, तेलाची बाटली, साबण, करंडा, सुईदोरा, आणि हिरव्या बांगड्या, सगळ्या मोठ्या मापाच्या, कारण मेलेला हात दुमडत नाही. जिजींनी तो डबा घरात ठेवू दिला नाही. परसातल्या न्हाणीच्या कोनाड्यात तो असायचा.

तुम्हाला वाटेल, हळूहळू तिची भीती गेली असेल. नाही गेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. प्रत्येक वेळी जाण्याआधी तिचे हात गार पडत, आणि आल्यावर ती ओकत असे. एकदा विहिरीतून काढलेल्या एका मुलीसाठी माणूस बोलवायला आला, तेव्हा मी तिथेच होते. विमल धान्याच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. "मनाघाई व्हस नही वं माय," आतून तिचं पुटपुटणं ऐकू येत होतं. माझ्याच्याने होत नाही गं आई. हे ती मला नाही, देवीला म्हणत होती. मी बाहेरून म्हटलं, "विमल, नको जाऊस. कोणी जबरदस्ती केलेली नाही." मग कडी निघाली. ती न्हाणीकडे गेली, डबा घेतला. मला ओलांडून जाताना म्हणाली, "खोलीतबी ती शेच ना, ताई."

मी तिला एकदा विचारलं होतं, देवीचा तो आवाज नेमका कसा असतो. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही वाल निवडत बसलो होतो. ती विचार करून म्हणाली, "आवाज नसतो, ताई. दूध गॅसवर ठेवून आपण गप्पा मारत बसतो, आणि एकदम आठवतं ना... तसं. मग बसवत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "तिने चुकीची बाई निवडली. शेजारची सिंधू किती धीट आहे."

जिजी बऱ्याच वर्षांनी, अंथरुणाला खिळून गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी विमलला जवळ बोलावलं. आम्ही सगळे कान देऊन होतो. मला वाटलं, आता त्या तो शब्द मागे घेतील. जिजी म्हणाल्या, "माले तूच धोव. दुसऱ्या कोनाना हात नको." विमलने मान हलवली. मग जिजींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पन कानबाईले हात लाऊ नको."

विमलने दोन्ही गोष्टी पाळल्या.

मी पोचले तेव्हा दुपार व्हायला आली होती. ओसरीवर बायका दाटीने बसलेल्या. त्यातल्या कितीजणींच्या सासवांना, आयांना, एकीच्या मुलीला विमलने न्हाऊ घातलं होतं. सिंधूही होती. सगळ्या रडत होत्या, आणि कोणी उठत नव्हती. मला राग नाही आला. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं कुठून सुरुवात करायची. इतकी वर्षं कोणाला शिकावंच लागलं नव्हतं.

मला कोणी आतून सांगितलं नाही, ईशान. दूध आठवावं तसंही काही झालं नाही. मी फक्त चपला काढल्या, परसात गेले आणि कोनाड्यातला डबा घेतला. सचिनची बायको प्राजक्ता माझ्या मागे आली. ती शाळेत विज्ञान शिकवते, धाडसी मुलगी, पण न्हाणीच्या दारात थांबली. "मोठी आई, मला नाही जमणार."

"विमललाही जमत नव्हतं," मी म्हटलं. "तू पाणी घाल नुसतं."

तिने पाणी घातलं, तोंड भिंतीकडे वळवून. मी तेल लावलं, केस विंचरले. कंगव्याचे दोन दात पडलेले, त्यात केस अडकत होते. मग बांगड्या, मधुकरराव आहेत म्हणून हिरव्या. विमलचं मनगट मुलीसारखं बारीक. डब्यातल्या सगळ्या बांगड्या तिला ढिल्या. घातली की निसटून खाली. तिने सगळ्यांच्या मापाचा विचार केला होता, स्वतःच्या नाही. शेवटी प्राजक्ताने सुईदोऱ्यातला दोरा काढला आणि बांगड्या मनगटाला बांधल्या. तेव्हा पहिल्यांदा तिने विमलच्या अंगाला हात लावला.

घरात मयत झालं की वर्षभर सण नाही, म्हणून या श्रावणात कानबाई बसली नाही. नारळ पितळी डब्यात बंद आहे. सगळं आयुष्य विमल उंबऱ्याबाहेर राहिली, आणि तिच्या जाण्याने देवीच बाहेर आली नाही... हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. तुम्हालाच लिहिते आहे.

पंधरवड्यापूर्वी प्राजक्ताचा फोन आला. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी गेली होती. "मी गेले होते, मोठी आई. सगळं केलं. घरी येऊन उलटी झाली."

"कोणी बोलवायला आलं होतं?"

"नाही... म्हणजे... माहीत नाही मला. वर्गात शिकवत होते. मग बसवेना."

पुढच्या श्रावणात कानबाई बसेल. मला आता हात वर धरवत नाहीत, त्यामुळे नथ प्राजक्ताने घालायची, असं पूर्वीच ठरलं होतं. तिने त्या म्हातारीला हात लावल्यापासून त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही. असा हात देवीला का चालू नये, हे तिने नाही विचारलं तर मी विचारणार आहे, सगळ्या भाऊबंदांसमोर.

डबा न्हाणीच्या कोनाड्यात आहे. कंगवा जुनाच आहे. तेलाची बाटली प्राजक्ताने भरून ठेवली आहे, आणि बांगड्यांत एक जोड लहान मापाचा आहे.