एकशे सात

आमच्या गावच्या लालासाब शिंप्याला लोक 'एकशे सात' म्हणायचे. "ओ एकशे सात, चड्डीला कापड किती लागंल?" असं कालची पोरंसुद्धा विचारायची, आणि तो टेप गळ्यात टाकून हसत उत्तर द्यायचा. हे नाव त्याला माझ्यामुळं पडलं. तो होता तेव्हाच हे सांगायला पाहिजे होतं, पण तेवढी छाती या आकाराम मास्तरात नव्हती.

पेठ वडगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. चावडीसमोर लालासाबचं दुकान, त्यात एक मशीन आणि एक बाकडं. शिक्षण चौथी, पण बोलायला खमक्या. बासष्ट साली विरोधी पक्षाकडनं जिल्हा परिषदेवर निवडून आला, तेव्हा गाव म्हणालं, "शिंपी काय करणार तिथं?" अहो, काय करणार काय! एस.टी.नं कोल्हापूरला सभेला जायचा, संध्याकाळी परत येऊन मशीनवर बसायचा. सभेत हा उठला की सरकार पक्षाची माणसं तोंड वाकडं करायची, कारण गडी सगळं मोजून आणायचा.

सहासष्टच्या ऑगस्टात झेंडावंदनासाठी त्यानं शाळेतल्या पोरांची मापं घेतली. आठ दिवसांनी माझ्या दारात हजर.

"गुरुजी, पयली-दुसरीच्या मापांनीच वही भरली की माझी! येवढी पोरं एका खोलीत बसवताय कुठं?"

"बसवतोय कुठला, कोंबतोय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. पहिली-दुसरी मिळून एकशे सात पोरं, एक खोली आणि एकटा मी. एकाला 'अ' गिरवायला हात धरावा, तर बाकीच्या एकशे सहांची जत्रा भरायची. पाऊस आला की व्हरांड्यातली पोरं आत यायची आणि मला उभं राहायला जागा उरायची नाही. वर्षानुवर्षं वरती अर्ज करून हात दुखले होते.

"आकडा लिहून द्या," लालासाब म्हणाला. "दुसरा मास्तर मिळंस्तवर सरकारला सोडत न्हाय."

मी चिठ्ठी लिहून दिली. देताना अट घातली, की माझं नाव कुठं येता कामा नये. वर हेही सांगितलं, "आजपासनं शाळेकडं फिरकू नका. माझ्याशी बोलूसुद्धा नका. लोकांस्नी वास लागंल."

"जबान दिली," तो म्हणाला आणि चिठ्ठी खिशात ठेवून गेला.

तीन सभा त्यानं तोच विषय लावून धरला. "मेंढरंबी यापरीस मोकळी बसवत्यात!" म्हणून ओरडला. शेवटी शिक्षण समितीचे सभापती वैतागले, आकडा खोटा आहे म्हणाले. लालासाब म्हणाला, "या की मोजायला! खोटा निघाला, तर या सभेत पुन्हा तोंड उघडणार न्हाय."

यातलं मला काही ठाऊक नव्हतं. तो सांगणार कसा? बोलू नका म्हणून मीच बजावलेलं.

माझ्या हातात कागद आला तो एवढाच, की परवा शाळा तपासणी. आता मास्तरलोकांची रीत सांगतो. तपासणीच्या आदल्या दिवशी शेंबडी, फाटक्या कपड्याची, कच्ची पोरं निवडायची आणि उद्या घरी बसा म्हणून सांगायचं. सगळे करायचे, मीही दरसाल करायचो. याही वेळी आदल्या दिवशी चौसष्ट पोरांना उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. लालासाबची लेक शहाजादीसुद्धा त्यात होती. दुसरीत होती पोरगी, पण दोनाचा पाढा काही केल्या येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीप आली. सभापती उतरले, तपासणीचे साहेब उतरले, मागनं लालासाब. माझी त्रेचाळीस पोरं तेल लावून, भांग पाडून, रांगेत बसलेली. मला वाटलं, साहेब कविता म्हणायला लावतील. पण साहेब बोटानं पोरं मोजायला लागले.

"त्रेचाळीस," साहेब म्हणाले. "पटावर तर एकशे सात आहेत. बाकीची कुठं?"

"सुगी हाय सायेब. रानात गेल्यात."

"रोज एवढीच असतात?"

त्याच वेळी सांगता आलं असतं. फार तर निलंबित झालो असतो, नाहीतर डोंगरात कुठंतरी बदली. घरी तीन लेकरं होती माझी. पण लेकरं कुणाला नसतात हो? भ्यालो मी, दुसरं काही नाही.

"व्हय सायेब," मी म्हटलं. "येवढीच असत्यात."

"त्रेचाळिसाला एक मास्तर पुष्कळ झाला," सभापती हसून म्हणाले. "काय लालासाब, मापं चुकली म्हणायची!"

लालासाबनं माझ्याकडं बघितलं. त्याचा हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. माझ्या अक्षरातली चिठ्ठी तिथंच होती, हे मला पक्कं कळलं. हात खिशावर थोडा वेळ राहिला आणि मग खाली आला.

"चुकली आसतील," तो म्हणाला.

त्यानंतर सभेत त्यानं खरंच तोंड उघडलं नाही. पुढच्याच वर्षी निवडणुकीत आपटला. खोटारडा म्हणून गावानं नाव ठेवलं, एकशे सात. दुसरा मास्तर यायला नऊ वर्षं गेली. मी सदरे त्याच्याकडंच शिवत राहिलो. "हात वर करा गुरुजी," एवढंच तो म्हणायचा, आणि दरवेळी मी ठरवून जायचो, आज बोलायचं. वीस वर्षं नुसता हात वर करून आलो.

गेल्या साली लालासाब वारला. तिसऱ्या दिवशी जियारतीला दुकानामागच्या त्याच्या घरी गेलो. त्याची बायको रोशनबी भिंतीला टेकून बसली होती, शेजारी सासरहून आलेली शहाजादी. मला राहवलं नाही. सगळं ओकून टाकलं.

शहाजादीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठावं हाय गुरुजी. कच्ची पोरं घरी बसवल्यात, ह्ये मी आदल्या दिशीच अब्बांना सांगितलंतं."

"मग?" मी म्हटलं. "सायेब मोजायला येनार, ह्ये तर त्यांना ठावं होतं की!"

"अम्मी म्हनली, घरोघर जाऊन पोरं गोळा करून आना. अब्बा पायात चपला घालून दारापत्तोर गेले, आन् माघारी आले. म्हनले, 'पोरं गोळा केली तर गुरुजींनीच लपवली ह्ये उघडं पडंल, गुरुजी अडकत्यात. त्या लेकरांस्नी एकच मास्तर हाय. त्योबी गेला, तर त्यांनी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?'"

मी उठलो. बाहेर शेजारगावचा एक माणूस कापड काखेत मारून उभा होता. "गुरुजी, एकशे सातचं दुकान कधी उघडतंय?"

"एकशे सातच होती!" मी भर चावडीसमोर ओरडलो. "पटावर माझ्या हातानं लिहिली होती! खोटं मी बोललो, लालासाब न्हाय!"

त्या माणसानं काखेतलं कापड सावरलं.

"कसली एकशे सात, गुरुजी?" तो म्हणाला. "मला वाटलं, त्यांचं आडनावच हाय त्ये."