शकूरमामांची उजवी बाही

शकूरमामांच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही खांद्यापासून कापलेली असे. कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मची, ईदच्या नव्या कुडत्याची, थंडीतल्या स्वेटरचीसुद्धा. डावा हात मनगटापर्यंत झाकलेला आणि उजवा उघडा, अशा अवतारात ते सकाळच्या शिफ्टच्या बससाठी शिरूरच्या स्टँडजवळ उभे असायचे. मी रांजणगावच्या त्या कंपनीत क्वालिटीला नवी लागले होते. मला वाटलं, ही काहीतरी नवसाची भानगड असणार, आणि गप्प राहणं माझ्या स्वभावात नसल्यामुळे तसं विचारलंही. मामा म्हणाले, "नवस न्हाई पोरी, फॅशन हाय. आत्ता शिरूरला आलीय, पुन्याला जाईल हळूहळू."

खरं कारण पुढे बसमध्येच कळलं. मामा मेंटेनन्सचे इलेक्ट्रिशियन. मी लागण्याच्या आधी कधीतरी पॅनेलवर काम करताना त्यांना जबर शॉक बसला होता. जखम भरली, नवी कातडी आली, कागदोपत्री हात बरा झाला. पण आतलं दुखणं काही गेलं नाही. कापड नुसतं घासलं तरी त्यांना तापल्या तव्याचा चटका बसल्यासारखं होई. म्हणून मामींनी एक दिवस कात्री घेतली आणि घरातल्या सगळ्या बाह्या उडवल्या.

पंचाईत ही होती की हात दिसायला धडधाकट होता. हात नसता तर लोकांनी उठून जागा दिली असती. असलेला हात दुखतो म्हटल्यावर मात्र लोक उपाय सुचवतात. कुणी हळदीचा लेप सांगे, कुणी यवतचा एखादा झाडपाल्यावाला, कुणी म्हणे, "मामा, लक्षच देऊ नका तिकडं." मला अशा सल्ल्यांचा मनस्वी राग येतो. मामा मात्र शांतपणे म्हणायचे, "मी कुठं लक्ष देतोय? तेच माझ्याकडं टक लावून बसलंय."

आपलं दुखणं सांगायची त्यांची एक खास पद्धत होती. सिंगल फेजवर नुसते दिवे लागतात आणि थ्री फेजवर मोटर धावते, हे ठाऊक असलेल्या, शेतीच्या विजेवर वाढलेल्या आमच्या बसला ती लगेच कळायची. "आज सिंगल फेज हाय, चालंल," म्हणाले की गप्पांना हरकत नसे. "थ्री फेज आलीय," म्हणाले की आम्ही बायका आमची बडबड मागच्या सीटवर नेत असू. आणि दुखणं कधी नव्हे ते थांबलं आणि "लाइट गेलीय! बोला काय बोलायचं ते," असं म्हणाले, की कारेगाव येईपर्यंत सगळी बस हसत राहायची. दुखण्याची लाज त्यांना कधी वाटली नाही. ते लपवणं त्यांना जमतच नसावं, असं मी धरून चालले होते.

विलास बसमध्ये चढला, की मात्र हा माणूस बदलायचा. विलास न्हावऱ्याचा, मामांच्याच खात्यातला, वयाने बराच लहान. शिरूरपर्यंत मोटारसायकलवर यायचा आणि बसमध्ये पाय ठेवताच विचारायचा, "मामा, कसा हाय हात?" मामा लगेच म्हणायचे, "लाइट गेलीय बाबा. एकदम झ्याक." आणि त्याच वेळी त्यांच्या कपाळावरचा घाम मला स्वच्छ दिसत असायचा.

एकदा मी त्यांना चांगलंच धरलं. तेव्हा मामांनी सगळं सांगितलं. त्या काळी त्यांच्या प्लँटमध्ये बंद केलेल्या स्विचला कुलूप लावायची पद्धत नव्हती. काम चालू असलं की वीज बंद करून स्विचला 'हात लावू नये' असा लाल टॅग अडकवायचा, आणि ज्याने अडकवला त्यानेच काढायचा. पण शिफ्ट सुटली की बस गाठायच्या घाईत लोक टॅग तसाच विसरून जात, आणि पुढच्या शिफ्टवाले तो काढून ठेवत. त्या दिवशी मामांनी हातातलं काम पुरं करायला बस सोडली. पुढच्या शिफ्टला आलेल्या विलासला वाटलं, नेहमीसारखा विसरलेला टॅग आहे. त्याने तो काढला आणि स्विच ओढून वीज सुरू केली.

"मग त्याला कशाला गोंजारता?" मी तडकून विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मी दवाखान्यातनं सुटल्यावर त्याच्या घरी गेलो व्हतो," मामा म्हणाले. "पोरगं जेवत नव्हतं. कामावर जायचं न्हाई म्हनत व्हतं. माझा हात गेला तो गेला. एका शॉकमदी दोन मानसं कशाला घालवायची?"

अपघातानंतर मामांना टूलरूममध्ये बसवलं होतं. अवजारं द्यायची, परत घ्यायची, सगळं डाव्या हाताने. विलास शिकत गेला, शिफ्टचा इनचार्ज झाला, आणि मामांची लाइट त्याच्यासाठी कायम गेलेलीच राहिली.

पुढे नवे मॅनेजर आले. मेंटेनन्सला माणसं कमी पडत होती. शकूरभाई पॅनेलवर चालतील का, असं त्यांनी विलासला विचारलं. विलास आनंदाने म्हणाला, "चालतील की! मामांचा हात कवाच बरा झालाय." त्याची काय चूक? तो तेच ऐकत आला होता. सोमवारपासून मामांना पुन्हा शिडीवर चढून काम करायचा हुकूम निघाला.

त्या दिवशी बसमध्ये मी मामांच्या शेजारी बसले. ज्या हाताला वाऱ्याची झुळूक सोसत नव्हती, त्या हाताने शिडीवर उभं राहून पाना धरायचा! मी म्हटलं, "सांगून टाका ना त्याला." ते म्हणाले, "सांगतो. माझं सोड, पाना सुटला तर खाली कोन उभं हाय ते बघून पडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी विलास चढला. नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत मामांनी त्याला शेजारी बसवलं. मी मागच्याच सीटवर होते.

"विलास, माझा हात दुखतोय. आज न्हाई, रोज. त्या दिवसापासनं."

मला वाटलं, विलास आता रडतो. पण तो चिडला.

"मग इतकी वर्सं बरं हाय, बरं हाय का म्हनत व्हता?"

"तुला तरास नको म्हनून."

"तरास व्हायचा राह्यला व्हय? रोज ही कापलेली बाही बघतोय मी, तरी तुमचंच खरं धरत व्हतो. मला माफी मागायची व्हती, मामा. दर टायमाला मागायला आलो की तुम्ही म्हनायचा, झ्याक हाय. मग मी मागू कशाची? तुम्ही परस्पर माफ करून मोकळं झाला, मला मागूच दिली न्हाई."

कारेगाव मागे पडल्यावर मामा हळूच म्हणाले, "माझं चुकलं. माग आता."

"टॅग मी काढला," विलास म्हणाला. "आत कोन हाय का बघायला पायजे व्हतं. बघितलं न्हाई. माफ करा."

आपल्याकडे अशा वेळी माणूस पटकन 'जाऊ दे' म्हणतो. मामांनी तसं म्हटलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "बघायला पायजे व्हतं." आणि थोड्या वेळाने, "केलं माफ."

विलासवरचा माझा इतक्या दिवसांचा राग त्या सीटवरच उतरला. कंपनीत पोचल्यावर विलास आधी मॅनेजरकडे गेला आणि आपण चुकीचं सांगितलं म्हणून कबूल केलं. मामा निवृत्तीपर्यंत टूलरूममध्येच राहिले.

हल्ली ते दौंडला लेकीकडे असतात. दुखणं तसूभरही कमी झालेलं नाही. विलास सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला जातो. परवा मीही त्याच्याबरोबर गेले होते. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. विलासने चप्पल काढता काढता विचारलं, "कसा हाय हात?"

"लई दुखतोय आज."

विलासने काहीच उपाय सांगितला नाही. "बरं," म्हणाला आणि त्यांच्याजवळ बसला.